पावणेनऊ मीटर खाच आणि एक छोटा ट्रिमर: एका बुकशेल्फचं पूर्ण प्रकरण

धाकट्या बहिणीने सांगितलं, "दादा, मला बुकशेल्फ हवंय, पण ते कोपऱ्यात स्क्रू दिसणारं नको आणि सहा महिन्यात मधे झुकणारं पण नको." मी हो म्हणालो. तोपर्यंत माझं सुतारकाम म्हणजे भिंतीला भोकं पाडणं आणि एक डगमगणारं स्टूल, एवढंच. लाकडात खाच कशी पाडतात हे बघितलेलं होतं, पाडलेली एकही नव्हती. आणि बजेट असं की पूर्ण शेल्फच्या प्लायला जेवढे पैसे लागतील त्यापेक्षा जास्त हत्यारांवर घालवायचे नाहीत, कारण मग तयार शेल्फ विकत आणलेलं काय वाईट.

खाच का हवी हे आधी सांगतो. पुस्तकं जड असतात, गच्च भरलेल्या एक मीटर फळीवर वीस-पंचवीस किलो सहज होतात. फळी बाजूच्या उभ्या फळीला नुसती टेकवून स्क्रू मारला तर सगळं वजन त्या दोन-तीन स्क्रूंवर, वर आडव्या फळीत तो स्क्रू जातो प्लायच्या कडेतून, म्हणजे थरांच्या मधून, तिथे पकड कमी आणि थर फाकायची भीती जास्त. फळी ६ एमएम खाचेत बसली की वजन लाकडावर टेकतं, ग्लू फक्त फळी जागेवर धरून ठेवतो. शिवाय जोडताना फळ्या आपोआप आपापल्या जागी उभ्या राहतात, एकट्या माणसाला हे फार मोठं सुख आहे.

पहिल्या आठवड्यात मी जे करायला नको तेच केलं, म्हणजे हत्यारांचे व्हिडिओ बघत बसलो. रोज रात्री वेगळं मत. एक दिवस मोठा राउटर घ्यायचा, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खाच काढणारं मशीन, दुसऱ्या दिवशी टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं मशीन, तिसऱ्या दिवशी वाटायचं की खरा माणूस पटाशीनेच करतो. शेवटी ओळखीच्या एका सुतारकाकांना विचारलं की काका, खाच पाडायला स्वस्तात काय घेऊ? ते म्हणाले, "अरे पण किती खाचा आहेत? कुठल्या दिशेने? कशात? हे लिहून आण आधी, मग बोलू." मी गप्प. माझ्याकडे उत्तरच नव्हतं. पूर्ण प्रकरणातला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच निघाला आणि तो फुकट होता.

मग कागदावर बसलो. शेल्फ १८०० एमएम उंच, ८०० रुंद, २८० खोल, १८ एमएम प्लाय. पाच आडव्या फळ्या, म्हणजे दोन बाजूंना मिळून दहा आडव्या खाचा. खाली दोन खण, म्हणजे ड्रॉवर, शेजारी-शेजारी, त्यांच्या मधे एक उभी फळी, तिच्या वर-खाली आणखी दोन खाचा. झाल्या बारा, प्रत्येकी २८० लांब, म्हणजे ३.३६ मीटर. पाठीला ६ एमएम प्लाय बसवायची, त्यासाठी दोन्ही बाजूंना लांबीभर, ३.६ मीटर. खणांच्या तळासाठी १२ एमएम पाइनच्या फळ्यांमधे बारीक खाचा, दोन बाजू आणि पुढची फळी, दोन खणांचं मिळून साधारण १.७८ मीटर. टोटल पावणेनऊ मीटरच्या आसपास. पावणेनऊ मीटर म्हणजे काही फॅक्टरी नाही, पण पटाशीने करायला बसलं तर कमीही नाही.

यादी केल्यावर दोन गोष्टी लगेच बदलल्या. पहिली पाठीची. मी ती खाचेत अडकवणार होतो, काकांनी कागद बघून विचारलं की ती खाच कशाला हवी, मागच्या कडेला पायरी काढ, पाठ मागून बसव आणि बारीक स्क्रू मार, दिसतंय कोणाला. बरोबर होतं. खाचेत बसवायची म्हटलं तर सगळ्या फळ्यांची खोली कमी करावी लागते आणि पाठ जोडणीच्या वेळेलाच आत सरकवावी लागते, एकदा चुकली की परत खोला. पायरी म्हणजे एकाच बाजूला भिंत असलेली खाच, रुंदी थोडी कमी-जास्त झाली तरी चालतं.

दुसरी गोष्ट पुढच्या कडेची. आडवी खाच आरपार काढली की समोरून तिचं तोंड दिसतं, म्हणून बरेच जण पुढे थोडं अंतर सोडून बंद खाच काढतात. बंद खाच करवतीने जवळपास अशक्य, पटाशीने कटकटीची, राउटरने सोपी. म्हणजे फक्त या एका हट्टापायी हत्यार बदलत होतं. पण प्लायची कड तशीही झाकायची होतीच, तिच्यावर ६ एमएम जाड लाकडी पट्टी शेवटी चिकटवली की खाचेची तोंडं तिच्यामागे गायब. मग बंद खाच लागलीच नाही. हत्यार घ्यायच्या आधी डिझाइनला हात लावला तर किती खर्च वाचतो हे मला तिथे कळलं.

आता पर्याय. मी चार गोष्टी खरंच करून बघितल्या, उसन्या हत्यारांवर, टाकाऊ प्लायच्या तुकड्यांवर, घड्याळ लावून. ज्या केल्या नाहीत त्या का नाही ते आधी उरकतो.

टेबल सॉ आणि त्यावर लावायचा जाड ब्लेडचा सेट. काम झकास होतं यात वाद नाही. पण लहान टेबल सॉच्या बऱ्याच मशीनमधे ब्लेड बसतो तो दांडाच आखूड असतो, जाड सेट त्यावर बसत नाही, आणि तो सेट लावायचा तर ब्लेडवरचं संरक्षक झाकण आणि मागची रायव्हिंग नाइफ, म्हणजे काप मिटून ब्लेड अडकू नये म्हणून असलेली पट्टी, काढावी लागते. एका बुकशेल्फसाठी एवढं मशीन, एवढी जागा, वर सेफ्टी काढून काम, जमलं नाही. आणि १८०० एमएम लांब फळी छोट्या टेबलावर आडवी धरून ढकलणं म्हणजे दोन माणसांची सर्कस.

मित्राने सांगितलं ग्राइंडरला लाकडाची चकती लाव, दोन मिनिटांत खाच. हे मी केलं नाही आणि कोणी करू नये. छोटा ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो, त्याचं कव्हर दात असलेल्या चकतीसाठी बनवलेलं नाही, आणि दात लाकडात अडकला की मशीन हातातून उडी मारतं, कुठे जाईल सांगता येत नाही. यात वाचलेले पैसे टाके घालण्यात जातात.

करवत आणि पटाशी. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शांत. आधी गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून धारदार सुरीने दोन रेघा मारायच्या, पेन्सिलने नाही, सुरीने, कारण सुरी वरचे तंतू कापते आणि नंतर कड उडत नाही. मग पाठीला पट्टी असलेली बारीक दाताची करवत घेऊन दोन्ही रेघांच्या आतल्या अंगाने ६ एमएम खोल कापायचं, करवतीला त्या मापावर एक पट्टी चिकटवली की खोली आपोआप थांबते. मधलं लाकूड पटाशीने काढायचं, दोन्ही टोकांकडून मधे येत, म्हणजे टोकाचे तंतू फाटत नाहीत. पहिली खाच ४० मिनिटं, तिसरी २५. पाइनमधे मजा आली, खरंच, चिंध्या कशा गुंडाळत बाहेर येतात ते बघण्यासारखं असतं. प्लायमधे मात्र वैताग. प्लायच्या थरांचे तंतू एकाआड एक उभे-आडवे, त्यामुळे पटाशी एका थरात छान जाते आणि पुढच्या थरात खालचं लाकूड उपटून आणते, आणि मधल्या ग्लूने धार इतक्या लवकर बसते की दर खाचेला दगडावर परत जावं लागलं.

यात एक स्वस्त जुगाड शिकलो तो सांगतोच. खाचेचा तळ एका पातळीत आणायला राउटर प्लेन नावाचा हातरंधा असतो, स्टॅनले कंपनीचा ७१ नंबरचा त्यातला नावाजलेला, पण जुने चांगले पीस महाग जातात. त्याऐवजी कडक लाकडाचा तळहाताएवढा ठोकळा घ्या, त्यात तिरपं भोक पाडा, ६ एमएमची पटाशी त्यातून खाली काढून पाचर मारून घट्ट करा. पटाशीचं टोक ठोकळ्याखाली जेवढं बाहेर तेवढी खाचेची खोली. ठोकळा पृष्ठभागावर फिरवला की तळातले उंचवटे खरवडले जातात. अर्ध्या तासात बनला, आणि पुढे मशीनचं काम झाल्यावरही तोच कामाला आला.

सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरून चालवायची गोल ब्लेडची करवत. शेजाऱ्यांकडून एक दिवस आणला. पट्टी क्लॅम्प करून तिच्या आधाराने, ब्लेडची खोली ६ एमएमवर ठेवून, शेजारी-शेजारी काप मारत जायचे, एक काप दोन एमएमच्या आसपास, १७-१८ एमएमच्या खाचेला सात-आठ काप, मधे राहिलेल्या बारीक भिंती पटाशीने मोडायच्या. बारा मिनिटांत एक खाच. ज्याच्याकडे सर्क्युलर सॉ आधीच आहे आणि चार-पाचच खाचा आहेत त्याने दुसरं काही घेऊच नये असं माझं मत आहे. पण तळ करवतीच्या दातांच्या आकाराचा, म्हणजे रेघारेघांचा राहतो कारण बहुतेक ब्लेडचे दात आलटून-पालटून तिरके घासलेले असतात, आणि दोन्ही कडांसाठी पट्टी दोनदा लावायची म्हणजे माप चुकायची संधी दोनदा. खणाच्या बारीक खाचांना मला ते फारच अवजड वाटलं.

खोबणी काढायचा हातरंधा, ज्याला प्लाऊ प्लेन म्हणतात, काकांनी दोन दिवस दिला. त्याला बाजूला एक आधारपट्टी असते जी फळीच्या कडेला घासत चालते, आणि खोलीला एक थांबा. फळीच्या लांबच्या टोकापासून सुरुवात करायची, छोटे छोटे हात मारत मागे यायचं, हे काकांनी दाखवेपर्यंत मी उलटं करत होतो आणि रंधा भरकटत होता. पाइनच्या खणांसाठी सुरेख. आवाज नाही, धूळ नाही, रात्री दहाला केलं तरी कोणी बेल वाजवत नाही. पण हा रंधा फक्त लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालतो, आडवा नेला तर कड फाडतो, म्हणजे माझ्या बारा मोठ्या खाचांना निरुपयोगी. खण जास्त करणार असतो तर हाच घेतला असता.

राहिला राउटर. मोठा राउटर बाराशे वॉटच्या पुढचा, १२ किंवा १२.७ एमएम दांड्याचा बिट, म्हणजे कापणारं पातं, घेतो, एका फेऱ्यात खोल जातो, पण जड आणि महाग. छोटा, ज्याला सगळे ट्रिमर म्हणतात, तो मुळात लॅमिनेटच्या कडा कापायला बनवलेला, एका हातात मावतो, ६ किंवा ६.३५ एमएम दांड्याचा बिट, मिनिटाला तीस हजारांपर्यंत फेरे. ताकद कमी म्हणून लोक म्हणतात खाचेसाठी चालत नाही. चालतं, फक्त घाई करायची नाही. ६ एमएम खोली तीन-तीन एमएमच्या दोन फेऱ्यांत काढायची, बस. मला पूर्ण शेल्फमधे ३.३६ मीटरच रुंद खाच काढायची होती, तिथे मोठ्या मशीनची ताकद घेऊन मी काय करणार होतो.

तर ट्रिमर घेतला. आणि घेतल्या घेतल्या चुका सुरू.

पहिली चूक, स्वस्तातला पंधरा बिटांचा डबा. घरी आणल्यावर कळलं की बिटांचे दांडे ६.३५ एमएमचे म्हणजे पाव इंची, आणि माझ्या ट्रिमरचा कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी नळी, ६ एमएमचा. जातच नव्हते. यात मी नशीबवान, कारण उलटं असतं तर, म्हणजे ६ चा दांडा ६.३५ च्या कॉलेटमधे, तो आत जातो, नट आवळल्यावर पकडल्यासारखाही वाटतो आणि मग तीस हजार फेऱ्यांवर सरकतो. तसं कधीच करायचं नाही. मी वेगळा कॉलेट आणला. पण त्या डब्यातला सरळ बिट तीन खाचांत बोथट झाला. चौथ्या खाचेला जळका वास, कडा काळ्या, मशीन रडायला लागलं. प्लायच्या ग्लूपुढे साधं स्टील टिकत नाही, कार्बाइडचं टोक लागतं, आणि कार्बाइडही चांगलं-वाईट असतं. मग एकच चांगला १२ एमएमचा बिट घेतला, आणि तो एकटा जवळपास त्या अख्ख्या डब्याच्या किमतीचा. डब्यातले बाकीचे बिट अजून पडून आहेत, त्यातले निम्मे कशासाठी असतात हेही मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट चूक नाही, धडा म्हणा. १८ एमएम प्लाय १८ एमएम नसते. व्हर्निअरने मोजली तर कुठे १७.३, कुठे १७.६, एकाच शीटमधे. १८ चा बिट घेऊन एका फेऱ्यात खाच काढली असती तर फळी आत खुळखुळली असती, आणि ढिल्या खाचेत ग्लू कितीही ओता, पकड येत नाही. म्हणून बिट खाचेपेक्षा लहान घ्यायचा आणि रुंदी जिगने, म्हणजे मशीनला वाट दाखवणाऱ्या चौकटीने, ठरवायची.

या जिगवर मी अख्खी दुपार घालवली आणि ती दुपार पूर्ण प्रोजेक्टमधली सगळ्यात सत्कारणी लागलेली. १८ एमएम प्लायच्याच दोन सरळ पट्ट्या, ६०० एमएमपेक्षा थोड्या लांब, समांतर. एका पट्टीला दोन्ही टोकांना आडवे तुकडे पक्के काटकोनात बसवले, दुसरी पट्टी त्या तुकड्यांवर सरकती, बोल्टने आवळायची. दोन पट्ट्यांच्या मधे जी फळी खाचेत बसणार आहे तिचाच तुकडा ठेवायचा आणि एका बाजूला साध्या कागदाची एक घडी न घातलेली पट्टी, म्हणजे साधारण ०.१ एमएम. पट्ट्या दाबून बोल्ट आवळले, तुकडा काढला, झाली खाचेची रुंदी, माप घेतलंच नाही. कागद का, तर ग्लूमधलं पाणी लागलं की लाकूड थोडं फुगतं आणि कोरडी घट्ट बसणारी फळी ग्लू लावल्यावर अर्ध्यात अडकते. हे मी टाकाऊ तुकड्यावर अनुभवलं, हातोड्याने ठोकून ठोकून.

बिटाच्या वरच्या अंगाला बेअरिंग असलेला बिट घेतला, तो बेअरिंग पट्टीच्या कडेला टेकून फिरतो. बिटाची कापणारी लांबी मात्र आखूड हवी. माझी १३ एमएम, पट्टी १८ जाड, पहिल्या ३ एमएमच्या फेऱ्यात कापणारा भाग पृष्ठभागाच्या वर १० एमएमपर्यंत येतो आणि त्याच्यावर बेअरिंग, म्हणजे पट्टीवर नीट टेकतं. पंचवीस एमएम लांबीचा बिट घेतला असता तर पहिल्या फेऱ्यात बेअरिंग पट्टीच्या वर हवेत आणि बिट माझी जिगच कापत सुटला असता.

कुठल्या बाजूने ढकलायचं यावर मी बराच घोळ घातला मग एकदा नीट विचार केला. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतो. मशीन पुढे ढकललं की ते डावीकडे ओढलं जातं. म्हणून आधाराची पट्टी डाव्या हाताला हवी, मग मशीन स्वतःच पट्टीला चिकटून चालतं, उजवीकडे असली तर मशीन तिच्यापासून दूर पळतं आणि खाच वाकडी. माझ्या जिगमधे दोन्ही बाजूंना पट्ट्या, त्यामुळे जाताना डाव्या पट्टीला टेकून आणि येताना दुसऱ्या पट्टीला, दोन्ही वेळा मशीन आपणहून टेकतं. साधी एकच पट्टी लावून काम करणाऱ्यांनी अजून एक बघावं, ट्रिमरचा बूड आणि बिट यांचा मध्य बरेचदा तंतोतंत जुळत नाही, म्हणून बुडाची एकच बाजू ठरवून खूण करावी आणि तीच पट्टीला लावावी.

बाजूच्या दोन्ही उभ्या फळ्या शेजारी-शेजारी ठेवून, खालच्या कडा एका रेघेत करून, एकत्र क्लॅम्प केल्या आणि जिग दोन्हीवर आडवी लावून एका दमात खाच काढली. जिग ६०० ची केली ती यासाठीच, २८० अधिक २८०. दोन्ही बाजूंच्या खाचा एका उंचीवर आल्या म्हणजे आल्याच, मोजायची भानगड नाही. मधल्या जोडावर कड उडायचा प्रश्न नाही, एक फळी दुसरीला आधार देते, शेवटच्या टोकाला फक्त एक टाकाऊ पट्टी लावली. जिग लावायला तीन-चार मिनिटं, खाच काढायला दोन-तीन. पटाशीच्या ४० मिनिटांच्या जागी दोन खाचा सात मिनिटांत. फळ्यांवर नंबर टाकले, कारण जाडी थोडी थोडी वेगळी, फळी नंबर ३ साठी जिग फळी नंबर ३ च्या तुकड्यावरच लावलेली.

एवढं सगळं करून एक ढोबळ चूक केलीच. फळ्या मी बाजूंच्या मधल्या अंतराएवढ्या कापून ठेवलेल्या, ७६४. दोन्ही टोकं सहा-सहा एमएम खाचेत जाणार म्हणजे ७७६ हव्या होत्या. जोडून बघेपर्यंत लक्षातच आलं नाही. इलाज काही नाही, शेल्फच बारा एमएम अरुंद झालं. नशीब की खणाच्या फळ्या तोवर कापल्या नव्हत्या. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. आणि एक खाच तर चुकीच्या उंचीवर काढली, जिगच्या बाहेरच्या कडेपासून मोजलं, आतल्या कडेपासून मोजायला हवं होतं. तिथे प्लायचा तुकडा ग्लूने बसवून घासून घेतला, पुस्तकांमागे लपलाय.

मागची पायरी ट्रिमरच्या सोबत आलेल्या बाजूच्या गाइडवर काढली, ६ एमएम रुंद, ९ खोल, तीन फेऱ्या. लाकूड मशीनच्या डाव्या हाताला ठेवून चाललं की गाइड कडेला आपोआप दाबला जातो. फार सांगण्यासारखं काही नाही, झाली.

खणांच्या तळाला ६ एमएम प्लाय, मोजली तर ५.४. प्लाऊ प्लेनचं पातं ६ चं, खाच ढिली झाली असती, म्हणून रंधा आवडूनही बाजूला ठेवला. ५ एमएमचा सरळ बिट घेऊन एक फेरा मारला, मग गाइड आणि फळीच्या कडेच्या मधे कागदाच्या चार पट्ट्या सरकवून दुसरा फेरा, ५.४. कागद हे माझं सगळ्यात स्वस्त हत्यार ठरलं. मात्र २६० एमएमच्या छोट्या फळीला क्लॅम्प लावला की गाइडच्या वाटेत येतो, क्लॅम्प हलवत हलवत केलं आणि दोन ठिकाणी खाचेला पायरी पडली. अख्ख्या लांब फळीला आधी खाच काढून मग तुकडे कापायचे हे दुसऱ्या खणाच्या वेळेला सुचलं, त्याच्या खाचा बघा आणि पहिल्याच्या बघा.

सेफ्टीचं थोडं, कारण स्वस्त हत्यारं म्हटली की लोक हेच गाळतात. ट्रिमरचं बटण सरकवायचं असतं, ते चालू राहिलेलं लक्षात येत नाही आणि प्लग लावला की मशीन टेबलावर नाचतं. माझं एकदा नाचलं. तेव्हापासून बिट बदलताना प्लग काढून समोर दिसेल असा ठेवतो. बिट पूर्ण आत ढकलून मग दोन-तीन एमएम वर ओढून आवळायचा, तळाला टेकलेला बिट नट आवळताना नीट पकडला जात नाही. आवाज इतका की कानाला मफ्स लागतातच. आणि धूळ. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते असं आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, १९९५ पासून पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात. रोज काम करणाऱ्यांचा धोका वेगळा हे मान्य, पण एक चांगला मास्क आणि खाचेशी धरलेला व्हॅक्यूम क्लिनरचा पाइप, एवढं मी कधीच सोडलं नाही.

हिशोब बघितला तर गंमत वाटते. निम्म्याच्या आसपास पैसे ट्रिमरवर, त्यानंतर सगळ्यात मोठा खर्च क्लॅम्पचा, चार घेतले आणि आठ हवे होते. मग दोन कार्बाइड बिट, व्हर्निअर, धार लावायचा दगड, मास्क-चष्मा-मफ्स. १२ आणि ६ च्या पटाश्या काकांनी दिल्या, "ठेव तुझ्याकडे, पण बोथट परत आणलीस तर बघ." वाया गेला तो फक्त बिटांचा डबा. टोटल प्लायच्या खर्चाच्या थोडं खाली राहिली.

मशीनने सगळं केलं असंही नाही. दोन खाचांमधे ट्रिमर किंचित उचलला गेला होता, तळ अर्धा एमएम वर राहिला, तिथे तो ठोकळ्याचा रंधाच फिरवला. फळीची टोकं आत जाताना कड घासायला रंधा, सांडलेला ग्लू कोपऱ्यातून काढायला पटाशी. मशीन घेणाऱ्याने पटाशी घ्यायचीच नाही असं कोणी समजू नये, आणि धार नसलेली पटाशी घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.

शेल्फ उभं राहून नऊ महिने झाले. फळ्या खाचेत जशा बसल्या तशाच आहेत, पट्टी बोटाने चाचपली तर खाचेचं तोंड लागत नाही. पहिला खण दमट हवेत थोडा अडकतो, पाइन फुगतं, त्याची बाजू रंध्याने एक हात घासायची आहे. बहिणीला आता बूट ठेवायला रॅक हवाय, भरीव लाकडात, समोर पट्टी नको म्हणते. म्हणजे या वेळी खाचा बंद. जिगच्या एका टोकाला थांबा म्हणून लाकडाचा तुकडा स्क्रूने बसवलाय, बिट गोल असल्यामुळे खाचेचं आतलं टोक गोल राहणार ते काकांच्याच पटाशीने चौकोनी करायचंय, आणि फळ्या या वेळी दोन्ही टोकांचे सहा-सहा एमएम धरून कापल्यात, तीनदा मोजून.